ऐनवेळी ‘दोन शब्द’ बोलावे लागले तर : नवख्यांसाठी मार्गदर्शन

कोणत्याही संस्थेच्या सभेची विषयपत्रिका काढून पाहा. तिच्यातला शेवटचा विषय ठरलेला असतो : ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ पत्रिका तयार करणाऱ्यालाही ठाऊक असते की आयत्या वेळी काहीतरी निघणारच, म्हणून तो त्यासाठी एक ओळ राखून ठेवतो. बोलण्याच्या बाबतीत मात्र आपण अशी ओळ राखत नाही, आणि सूत्रसंचालकाने आपले नाव पुकारून ‘यांनी दोन शब्द बोलावेत’ असे म्हटले की घशाला कोरड पडते.

लेखा शाखेत नोकरीला लागून मला दोन वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या मुख्य लेखापालांचा निरोप समारंभ होता. मी मागच्या बाजूला फराळाच्या बश्या मोजत उभी होते आणि एकाएकी माझे नाव पुकारले गेले. मी पुढे गेले, व्यासपीठावरच्या सातही जणांची नावे हुद्द्यांसह घेतली, आणि ती संपल्यावर माझ्याजवळ बोलण्यासारखे काहीच उरले नाही. ‘साहेब फार चांगले होते. सर्वांशी प्रेमाने वागायचे. त्यांची उणीव आम्हाला कायम भासेल,’ एवढे बोलून मी थांबले. साहेब शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन समोरच बसलेले. ते हसून म्हणाले, ‘अहो, मी अजून आहे.’ सगळे हसले, मीही हसले, आणि पुढची सहा-सात वर्षे मी प्रत्येक समारंभात दाराजवळची खुर्ची धरून बसू लागले.

खरे तर साहेबांविषयी मला अशी एक गोष्ट माहीत होती, जी त्या दालनात दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हती. ती मला त्या वेळी आठवली नाही, कारण मी मनात ‘भाषण’ शोधत होते. ती गोष्ट कोणती, हे पाचव्या पायरीत सांगते. पुढे बढती मिळाली, बैठका वाढल्या, दाराजवळची खुर्ची सोडावी लागली आणि पडत-झडत मी ऐनवेळी बोलायला शिकले. जे शिकले ते क्रमाने मांडते आहे. मोठे वक्ते होण्याचा मार्ग यात नाही. दीड-दोन मिनिटे नीट बोलून, ओशाळे न होता खाली बसण्याचा आहे.

काय काय लागेल

फार काही लागत नाही. खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी छोटी वही आणि चालणारे पेन, कार्यक्रमाची पत्रिका (कागदी असल्यास उत्तम, कारण तिच्या मागची बाजू कोरी असते), मोबाइलमधला ध्वनिमुद्रक आणि स्टॉपवॉच, आणि पाण्याची बाटली. मोबाइलमध्ये पाहून बोलण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. ऐन बोलण्याच्या वेळी पडदा अंधारतो, तो उघडायला बोट लावावे लागते, आणि श्रोत्यांना वाटते की तुम्ही आलेले निरोप पाहत आहात.

१. नाव पुकारले जाण्याआधीच ते ओळखा

ज्याला आपण ‘अचानक’ म्हणतो ते बहुतेक वेळा अचानक नसते. कार्यक्रमाला जाण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : ‘इथे मला बोलायला सांगण्याचे एखादे कारण कोणाजवळ आहे का?’ तुम्ही सत्कारमूर्तीबरोबर काम केले असेल, तुम्ही पाहुण्यांपैकी सर्वांत दुरून आला असाल, उपस्थितांमध्ये वयाने सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान असाल, किंवा नुकताच एखादा पुरस्कार वा बढती मिळाली असेल, तर कारण आहे असे समजा. मुख्य पाहुण्यांची गाडी रस्त्यात अडकली, तर वेळ भरून काढण्यासाठी सूत्रसंचालक पहिल्या दोन रांगांकडेच बघतो, हेही लक्षात असू द्या.

कित्येक प्रसंगांची तारीखसुद्धा आधी कळते. सरकारी नोकर महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवानिवृत्त होतात, त्यामुळे निरोप समारंभ त्या दिवशी असतात. त्यातही ३१ मे हा दिवस वेगळाच. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली आहे, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी एकेका कार्यालयात तीन-तीन सत्कार असतात आणि बोलणारे कमी पडतात. गावाकडे ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरते. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. शाळेत तुमचे मूल असेल तर ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि ५ सप्टेंबरला शिक्षक दिन येणार, हे कॅलेंडर बघून कोणालाही सांगता येईल.

कारण आहे असे दिसले, की पत्रिकेच्या मागे तीनच गोष्टी लिहून ठेवा : एक नाव, एक आकडा आणि एक प्रसंग. नाव अचूक हवे, कारण ‘कुलकर्णी’ना ‘देशपांडे’ म्हणून मोकळे झालेले वक्ते मी पाहिले आहेत. आकडा म्हणजे वर्ष, रक्कम, अंतर, काहीही. प्रसंग एका ओळीत. नाव पुकारले गेले नाही, तर पत्रिका घरी आणून टाकून द्या. नुकसान काहीच नाही.

२. खुर्चीपासून माईकपर्यंत

नाव ऐकल्यावर ‘नको, नको, मी कशाला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. एकदा म्हटले तर तो विनय दिसतो. तिसऱ्यांदा म्हटले की सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात, शेजारचे हाताला धरून उठवू लागतात, आणि अपेक्षा उगाच वाढते. नकार द्यायचाच असेल, घसा बसला असेल किंवा मन थाऱ्यावर नसेल, तर हात जोडून एकदाच स्पष्ट नाही म्हणा. नाहीतर लगेच उठा.

उठल्यावर छातीत धडधड होईल, तळहाताला घाम येईल, जीभ टाळूला चिकटेल. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढते, ठोके जलद होतात, लाळ कमी होते आणि श्वास वरच्या वर चालू राहतो. हे वर्षानुवर्षे बोलणाऱ्यांनाही होते, त्यामुळे ते थांबवण्याच्या खटपटीत पडू नका. एवढेच करा की चालताना श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्या. चार अंक मोजून घेतलात तर सहा किंवा आठ अंक मोजून सोडा. सावकाश सोडलेल्या श्वासाने ठोके उतरतात. पाण्याचा घोट खुर्चीवरून उठतानाच घ्या. माईकपाशी उभे राहून बाटलीचे झाकण उघडणाऱ्या माणसाचे हात थरथरताना सर्वांना दिसतात, आणि ते झाकण हमखास खाली पडते.

चालताना घाई करू नका. ती वीस-पंचवीस पावले म्हणजे तुम्हाला मिळालेली सगळी तयारीची वेळ आहे, आणि ती कशासाठी वापरायची हे पुढच्या पायरीत आहे.

३. शेवटचे वाक्य आधी ठरवा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. नवखा माणूस चालताना पहिले वाक्य शोधतो. पहिले वाक्य सापडते, दुसरेही सुचते, आणि मग थांबायचे कुठे हे ठाऊक नसल्याने तो त्याच त्या गोष्टीभोवती फिरत राहतो. एस.टी.च्या गाडीवर पाटी असते ती जिथे पोहोचायचे त्या गावाची. वाटेत कुठे चहाला थांबायचे हे चालकाला पाटीवर लिहावे लागत नाही. शेवटचे वाक्य ही तुमची पाटी आहे.

ते वाक्य साधे असावे, आणि शक्यतो ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे त्याच्याकडे जाणारे असावे. ‘ताई, तुमची ती निळी वही मी अजून जपून ठेवली आहे.’ ‘म्हणून या ठरावाला माझा पाठिंबा आहे.’ ‘मुलांनो, वाचनालय सहा वाजेपर्यंत उघडे असते.’ एवढे मनात पक्के झाले की मधले चुकले तरी हरकत नाही, कारण कोणत्याही वळणावरून तुम्ही शेवटच्या वाक्याकडे येऊ शकता आणि ऐकणाऱ्याला वाटते की तुम्ही पहिल्यापासून तिकडेच निघाला होता.

४. संबोधन आटोपशीर ठेवा

‘अध्यक्ष महोदय, सत्कारमूर्ती आणि मित्रहो,’ एवढे पुरते. ज्या समारंभात मानपान कडक असतो, तिथे अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांची नावे घ्या आणि बाकीच्यांना ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ या एका शब्दसमूहात बसवा. सातांपैकी सहा नावे घेतलीत तर सातवा माणूस दुखावतो. दोनच घेतलीत तर कोणी दुखावत नाही. शिवाय दीड मिनिटांच्या बोलण्यात अर्धे मिनिट नामावलीत गेले, की आपण काय बोलणार होतो ते आपणच विसरतो. हा सापळा किती खोल आहे, ते मी अनुभवाने सांगते आहे.

‘मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांची ऋणी आहे’, ‘मी काही वक्ता नाही’, ‘माझी काहीच तयारी नाही’ ही तीन वाक्येही गाळा. तयारी नाही हे श्रोत्यांना माहीतच आहे. तुम्हाला त्यांच्यासमोरच बोलावले गेले आहे.

५. एकच प्रसंग, जवळून

आता ती राहिलेली गोष्ट. त्या निरोप समारंभात मी जे बोलायला हवे होते, ते असे (तेरीज म्हणजे खात्यांच्या शिल्लकांचा ताळा, आणि किर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही) :

‘अध्यक्ष महोदय, साहेब आणि मित्रहो. मी शाखेत आले त्या वर्षी मार्चअखेरीस तेरीज जुळत नव्हती. फरक होता २७० रुपयांचा. रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि मी किर्दीची पाने तिसऱ्यांदा तपासत होते. साहेब टेबलाशी आले, त्यांनी फरक किती ते विचारले आणि म्हणाले, “नऊने भाग जातो का बघा.” जात होता. “मग कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. तेवढेच शोधा.” दहा मिनिटांत सापडले : १,७४० च्या जागी मी १,४७० लिहिले होते. चूक कोणाची, हे साहेबांनी आजवर कोणाला सांगितले नाही. आज मीच सांगते आहे. साहेब, उद्यापासून फरक आला की आम्ही आधी नऊने भागून बघू, आणि मगच तुम्हाला फोन करू.’

सावकाश बोलले तर याला सव्वा मिनिट लागते. यात साहेबांचे एकही कौतुकाचे विशेषण नाही, हे पाहा. ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘कर्तव्यदक्ष’ हे शब्द निरोपाच्या प्रत्येक भाषणात येतात आणि माणूस बदलला तरी तेच राहतात. नऊने भाग देण्याची युक्ती मात्र त्या साहेबांचीच. (ती खरोखर चालते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. जमाखर्च लिहिणाऱ्या जुन्या लोकांना हे तोंडपाठ असते.) प्रसंगात वेळ आहे, आकडा आहे, बोललेले वाक्य आहे आणि बोलणाऱ्याची स्वतःची चूक आहे. एवढे असले की आवाज आपोआप खरा येतो, कारण तुम्ही आठवत असता, रचत नसता.

प्रसंग निवडताना मोठा, गौरवशाली, डोळ्यांत पाणी आणणारा असा शोधू नका. सर्वांना माहीत असलेला प्रसंग सर्वजण सांगणार आहेत. जो तुमच्यासमोर घडला, तोच घ्या, मग तो डब्यातल्या ठेच्याचा असेना का. आणि एकच घ्या. दुसरा आठवला तर तो पुढच्या वेळेसाठी ठेवा.

जिथे प्रसंग नसून मत विचारले आहे, तिथे हा साचा वापरा : मत, कारण, उदाहरण, आणि पुन्हा मत. संस्थेच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला आणि अध्यक्ष म्हणाले, ‘वहिनी, तुमचे काय म्हणणे?’ तर : ‘लिफ्ट बदलावी असे माझे मत आहे. कारण दुरुस्तीचा खर्च दर वर्षी होतो आणि सुटे भाग मिळायला वेळ लागतो. गणपतीच्या आठवड्यात ती चार दिवस बंद होती, आणि पाचव्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीत बसवून उतरवावे लागले. म्हणून या वर्षी दुरुस्तीचा ठराव न करता नव्या लिफ्टची दरपत्रके मागवावीत.’ चार-पाच वाक्ये, आणि ठराव कोणता हवा तेही सांगून झाले. काल-आज-उद्या असाही एक साचा आहे. शाळेच्या किंवा मंडळाच्या वर्धापनदिनाला तो चालतो.

६. प्रसंग बदलला की काय बदलते

शोकसभा सर्वांत अवघड, आणि तिथेच लोक सर्वांत जास्त बोलतात. तिथे आजाराची हकिगत सांगू नये, शेवटच्या दिवसांत आपण किती धावपळ केली हे तर मुळीच सांगू नये. गेलेल्या माणसाचे आपल्यावर असलेले एक ऋण सांगावे आणि बसावे. घरच्यांकडे पाहून बोलण्याचा धीर होत नसेल तर तसबिरीकडे पाहून बोला. तिथे ते शोभते. आवाज भरून आला तर थांबा. कोणी घाई करणार नाही. ‘होते’, ‘असायचे’ हा भूतकाळ इथला आहे, आणि तो निरोप समारंभात नेऊ नये, ही सूचना मी विशेष अधिकाराने करते. निवृत्त होणारा माणूस ‘आहे’. फक्त उद्या तो कार्यालयात येणार नाही.

लग्न, बारसे, साठीशांत अशा घरगुती समारंभांत अर्धे मिनिट पुरे. जेवणाची पाने मांडलेली असतात. नवरदेवाच्या जुन्या भानगडी विनोद म्हणूनही काढू नयेत. सासरची मंडळी पहिल्यांदाच तुम्हाला ऐकत असतात.

कार्यालयातली आढावा बैठक ही वेगळी जात आहे. तिथे वरिष्ठ एकाएकी वळून विचारतात, ‘तुमच्या तालुक्याचे काय? खर्च का झाला नाही?’ अशा वेळी नवखा माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर अंदाजाने आकडा ठोकून देतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. तो आकडा इतिवृत्तात जातो आणि पुढच्या बैठकीत तुमच्यासमोर वाचला जातो. माहीत असेल तेवढे निश्चित सांगा, माहीत नसेल ते कधी देणार ते सांगा : ‘तीन कामांपैकी दोन पूर्ण आहेत. तिसऱ्याच्या खर्चाचा नेमका आकडा आत्ता माझ्याजवळ नाही. उद्या दुपारी बारापर्यंत लेखी देते.’ मग उद्या बाराच्या आत तो खरोखर द्या. प्रश्न नीट कळला नसेल तर ‘साहेब, आपण मंजूर रकमेविषयी विचारता आहात की झालेल्या खर्चाविषयी?’ असे विचारून घ्यायला लाजू नका. त्यात विचार करायला चार-पाच सेकंदही मिळतात.

महाविद्यालयातल्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धेत चिठ्ठी उचलून काही मिनिटांत बोलायचे असते. तिथे विषयाची व्याख्या करत बसू नका. ‘पाऊस’ निघाला तर पाऊस म्हणजे काय हे परीक्षकांना माहीत आहे. तुमच्या घराच्या पत्र्यावर तो कसा वाजतो, हे त्यांना माहीत नाही.

७. मध्येच अडकलात तर

सर्वांच्या बाबतीत घडते. वाक्य अर्ध्यावर तुटते आणि पुढे पांढरा कागद. अशा वेळी तीन गोष्टी करा, याच क्रमाने. तोंड मिटा आणि श्वास सोडा. तुम्हाला युगासारखे वाटणारे ते दोन-तीन सेकंद श्रोत्यांना साधा विराम वाटतात. मग आपलेच शेवटचे वाक्य पुन्हा म्हणा, थोडे सावकाश. बहुतेक वेळा त्याच्या शेपटीला धरून पुढचे येते. नाहीच आले, तर तिसऱ्या पायरीत ठरवलेले शेवटचे वाक्य बोला आणि बसा. ‘माफ करा, मी विसरले’ असे म्हणण्याची गरज नाही. तुम्ही काय बोलणार होतात ते फक्त तुम्हालाच ठाऊक होते.

ती रिकामी जागा भरण्यासाठी आपण काही शब्द नकळत ओततो. ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, ‘अ‍ॅक्च्युअली’ हे सर्वांचे. राजकीय सभा ऐकून मोठे झालेल्यांचे ‘या ठिकाणी’, ‘त्या ठिकाणी’ आणि ‘निश्चितपणे’. मी स्वतःचे दोन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले तेव्हा त्यात ‘म्हणजे’ एकोणीस वेळा आले होते. ते ऐकून जो लाजिरवाणेपणा वाटला, त्याने माझे निम्मे ‘म्हणजे’ गेले. कोणी सांगून गेले नसते.

माईकविषयी थोडे. हातातला माईक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या जरासा खाली धरा. त्याची जाळी मुठीत धरू नका आणि आवाज बाहेर टाकणाऱ्या स्पीकरच्या समोर जाऊन उभे राहू नका. दोन्हीमुळे शिट्टी वाजते. त्यावर टकटक करून ‘हॅलो, हॅलो’ म्हणण्याचे काम ध्वनियंत्रणेवाल्याने तासाभरापूर्वीच केलेले असते. मान वळवलीत तर माईकही बरोबर वळवा, नाहीतर डावीकडच्या लोकांना तुमचे अर्धेच वाक्य ऐकू जाते. आणि पहिला शब्द नेहमीपेक्षा मोठ्याने उच्चारा. पहिला शब्द पुटपुटला गेला की पुढचे सगळे त्याच पट्टीत जाते.

८. संपवून खाली बसा

‘शेवटी एवढेच सांगते’ हे वाक्य एकदाच वापरता येते. ते म्हणून झाल्यावर आणखी तीन मुद्दे सांगणाऱ्या वक्त्यावर श्रोते पुन्हा विश्वास ठेवत नाहीत. ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ हे पारंपरिक वाक्य म्हणायला हरकत नाही, पण तुमचे ठरवलेले शेवटचे वाक्य चांगले असेल तर त्याच्यामागे दुसरे काही जोडू नये. ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ जाहीर सभेत शोभते, बारशात नाही.

टाळ्या सुरू होताच नमस्कार करून वळा. माईक सूत्रसंचालकाच्या हातात द्या, खुर्चीवर ठेवू नका.

९. घरचा सराव

ऐनवेळी बोलण्याचाही सराव करता येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता अना या गावी राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला. आज त्याच्या शाखा पुण्या-मुंबईतही आहेत, आणि त्यांच्या बैठकीत ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा एक भाग असतो. समोर आलेल्या विषयावर त्याच क्षणी उठून एक ते दोन मिनिटे बोलायचे. एका मिनिटाला हिरवा, दीड मिनिटाला पिवळा आणि दोन मिनिटांना लाल दिवा किंवा फलक दाखवला जातो. जवळ क्लब नसेल तर हेच घरी करा. एका रिकाम्या बरणीत चाळीस-पन्नास चिठ्ठ्या टाका. विषय साधे : लोणचे, हरवलेली छत्री, पहिला पगार, बंद पडलेले घड्याळ, शेजारच्यांचा कुत्रा. रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि उभे राहून एक मिनिट बोलायचे. उभे राहून, हे महत्त्वाचे. बसून झाल्या त्या गप्पा. आमच्या घरी माझा मुलगा स्टॉपवॉच लावून परीक्षकाच्या थाटात बसायचा आणि वेळ संपताच चमचा ताटलीवर आपटायचा. त्या चमच्याने मला शेवटचे वाक्य वेळेवर बोलायला शिकवले.

कीर्तन ऐकणे हाही अभ्यासच आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. उशिरा आलेल्या श्रोत्याला, पावसाच्या सरीला, मध्येच गेलेल्या विजेलाही चांगला कीर्तनकार आपल्या बोलण्यात ओढून घेतो. ते क्षणात सुचलेले वाटते. पण त्याच्या पोटात शेकडो दृष्टान्त आधीच जमा असतात, म्हणून ते क्षणात सुचते. तुमच्या छोट्या वहीत आठवड्याला एक-दोन प्रसंग लिहीत गेलात तर असाच साठा होईल : कोण काय बोलले, कधी, किती वाजता, कोणत्या चहाच्या टपरीवर. तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, कंटाळा येतो. पुण्यात असाल तर वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली ती सुरू झाली. तिथे वक्ता काय बोलतो याइतकेच, तो थांबतो कुठे आणि संपवतो कसे, हे टिपा.

१०. पहिला प्रयोग कुठे करावा

सुरुवात आभारप्रदर्शनापासून करा. ते काम कोणालाच नको असते, त्यामुळे मागितले की मिळते. श्रोते अर्धे उठलेले असतात, चहाचा वास येत असतो, आणि तुमच्याकडून कोणाचीही मोठी अपेक्षा नसते. हातात कागद धरला तरी चालतो. नावांची यादी आयोजकांकडून तपासून घ्या, ती दोन मिनिटांत संपवा, आणि त्या दिवशीच्या कार्यक्रमात तुमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक लहान गोष्ट, तेवढीच, आयत्या वेळी त्यात घाला. मागच्या खेपेला आमच्याकडे मध्येच वीज गेली, तेव्हा ध्वनियंत्रणेवाल्या मुलाने काही न बोलता बाहेरून गाडीची बॅटरी काढून आणली आणि पाच मिनिटांत माईक सुरू केला. यादीत त्याचे नाव नव्हते. असा कोणी दिसला तर कार्यक्रम संपण्याआधी त्याच्याजवळ जाऊन त्याचे नाव विचारून घ्यायला मात्र विसरू नका. ‘माईकवाले’ म्हणून आभार मानलेले त्यांना आवडत नाही.